खवट होऊ न देणारी माणसं

आमच्या पिढीच्या घरांत फ्रीज यायच्या आधी नाक होतं. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईचं नाक. डब्याचं झाकण काढायचं, नाकाशी न्यायचं, एक छोटा श्वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा: "चालेल", "आजच संपवा", नाहीतर "गाईला घाला". या निकालावर अपील नव्हतं. खोबऱ्याची वाटी असो, दाण्याचं कूट असो, दिवाळीनंतर डब्याच्या तळाशी उरलेला चकलीचा चुरा असो, आजीला खवट लागलं ते खवट. खुद्द आजीची जीभ जरा खवट आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, पण तिच्या डब्यांना तो दोष कुणी लावला नसता.

आमची गल्ली सांगलीच्या गावभागातली. आजोळ कुणाचं घाटाखाली कोकणात, कुणाचं मिरजेपलीकडच्या कानडी मुलखात. त्यामुळे एका घरी आमसुलाचं सार, शेजारच्या घरी कडक भाकरी आणि शेंगांची चटणी, समोरच्या घरी आंबोळ्या. जाती वेगळ्या, सण वेगळे, मसाले वेगळे. एका बाबतीत मात्र सगळ्या चुली एकमताच्या होत्या: आणलेली वस्तू टिकली पाहिजे आणि शेवटचा कण पोटात गेला पाहिजे.

आठवून पाहा. आठवड्याची साय साठायची, तिला विरजण लागायचं, रवी घुमायची, लोण्याचा गोळा पाण्यावर तरंगायचा आणि मग लोणी कढवायचा तो वास सगळ्या बोळातून फिरायचा. फेस खाली बसून बुडबुडे बारीक झाले की आजी त्यात विड्याचं एक पान सोडायची. पान तडतडायचं, आक्रसायचं, तपकिरी व्हायचं. ते कुणी खायचं यावरून भांडण ठरलेलं. ज्याला पान मिळालं नाही त्याला बेरी आणि वर साखर. शेजारच्या कानडी काकू पानाऐवजी शेवग्याचा पाला टाकायच्या. आजीला त्यांचं तूप हिरवट वाटायचं आणि काकूंना आमचं तूप पानाच्या ठेल्यावरचं. पण पान का टाकायचं, पाला का टाकायचा, असं विचारलं की दोन्ही घरांतून एकच उत्तर यायचं: "तसंच असतं ते."

त्या "तसंच असतं"चं कारण आम्हाला कळलं ते खूप पुढे, मुलांच्या पुस्तकांतून. तुपातेलाला खवटपणा येतो तो हवेतल्या ऑक्सिजनमुळे. स्निग्ध पदार्थाचा एक रेणू त्याच्या तडाख्यात सापडला की तो शेजारच्याला बिघडवतो, शेजारचा पुढच्याला. अढीतला एक नासका आंबा सगळी अढी नासवतो, तसं. आज ज्याला अँटीऑक्सिडंट म्हणतात ते द्रव्य मध्ये पडतं, आपल्याजवळचा हायड्रोजन देऊन टाकतं आणि ही साखळी तिथेच तोडतं. विड्याच्या पानात फिनॉल जातीची अशी द्रव्यं आहेत. लवंगेला तिचा वास देणारं युजेनॉल त्यांतलंच. दुग्धशास्त्राच्या प्रयोगशाळांतून विड्याची पानं आणि कढीपत्ता घालून कढवलेलं तूप तपासलं गेलं, तेव्हा ते साध्या तुपापेक्षा उशिरा खवटतं असं दिसलं. आज फरसाणाच्या पाकिटावर बारीक अक्षरांत बीएचए, बीएचटी असं छापलेलं असतं. त्यांचं काम तेच, आजीच्या पानाचं. फक्त ती चोखायला मिळत नाहीत.

पान हा त्या कारभारातला एक मानकरी. बाकीचा कारभार मुख्यतः तीन नियमांवर चालायचा. हवा लागू द्यायची नाही. ऊन लागू द्यायचं नाही. ओला हात लागू द्यायचा नाही.

हवा लागू द्यायची नाही, म्हणून लोणच्यावर बोटभर तेल तरंगत असायचं. तेल कमी झालं तर गरम करून, गार करून वरून ओतायचं. बरणीच्या तोंडाला दादरा बांधायचा आणि त्याची गाठ सोडण्याचा अधिकार फक्त एका व्यक्तीला. ऊन लागू द्यायचं नाही, म्हणून बरणी चिनी मातीची, वर तपकिरी, खाली पांढरी, आणि जागा फडताळातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात. प्रकाशानेही तेल खवटतं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. काचेची पारदर्शक बरणी आली तेव्हा आम्हाला तिचं कोण कौतुक. आजीने तिच्यात खडीसाखर भरली आणि लोणचं जिथल्या तिथे ठेवलं. ओल्या हाताबद्दल तर काय बोलायचं! ओला चमचा बरणीत घालणारी सून आणि उंबऱ्यावर शिंकणारा पाहुणा यांत आजीच्या लेखी फारसा फरक नव्हता.

चौथा नियम कल्हईवाल्याचा. दिवाळीच्या आधी तो गल्लीच्या तोंडाशी खड्डा खणून भाता लावायचा आणि पोरांचा वेढा पडायचा. नवसागराचा तो नाकात झोंबणारा धूर, कथलाची कांडी, कापसाच्या बोळ्याचा एक फेर आणि काळंबेरं पातेलं आतून चांदीसारखं. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक, चिंच, आमसूल ठेवलं की कळकतं, एवढं पोराटोरांनाही माहीत होतं. त्याच्या पोटातलं रसायन असं की, आंबटाने तांबं सुटतं, आणि तांब्याचा अंश अन्नात उतरला की स्निग्धाचं खवटणं आणि क जीवनसत्त्वाचं नासणं दोन्ही झपाट्याने होतं. म्हणजे तो कल्हईवाला एका अर्थी गल्लीचा अन्नशास्त्रज्ञच होता. मजुरीत मात्र घासाघीस व्हायची.

पाचवा नियम आम्ही सगळ्यात जास्त मोडला: अख्खं टिकतं, कुटलेलं टिकत नाही. तीळ वर्षभर राहतात, तिळाचं कूट राहत नाही. शेंगदाणे राहतात, कूट राहत नाही. जवसाची चटणी एका वेळी वाटीभरच व्हायची, कारण जवसाच्या तेलाइतकं लवकर खवटणारं तेल घरात दुसरं नव्हतं. तिळाचं तेल त्या मानाने दमदार. तिळात स्वतःचेच राखणदार आहेत, आणि तीळ भाजले की त्यांतून सेसमॉल नावाचं आणखी एक तयार होतं. बाजरीचं तर विचारूच नका. दळून आणलेलं पीठ आठ-दहा दिवस झाले की कडू होऊ लागायचं. बाजरीच्या दाण्यात चरबी बरीच, आणि दाणा फुटला की त्यातलीच विकरं त्या चरबीवर तुटून पडतात. दळणाचा डबा घेऊन गिरणीत दर आठवड्याला कोण जाणार, यावर आमच्या पिढीच्या भावंडांत झालेली भांडणं मोजली तर पायलीत मावायची नाहीत.

हळदीच्या गावात राहून हळदीबद्दल काही न बोलणं बरं नव्हे. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायचे. आत अंधार, वाऱ्याला वाव नाही, किडीला वाव नाही. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही, कोंडलेली हवा आधी निघू द्यायची. घरात हळद पूड होऊन कधी यायची नाही, हळकुंडंच यायची. उन्हात तापवून उखळात कांडायची आणि मग वस्त्रगाळ. पिवळ्याधमक आयत्या पुडीत काय रंग मिसळला असेल कोण जाणे, हा संशय आजीचा, आणि बाजारात मेटॅनिल यलोपासून लेड क्रोमेटपर्यंत काय काय सापडलं ते पाहता संशय रास्त.

हळदीचं रसायन आम्ही कपड्यांवर शिकलो. जेवताना सदऱ्यावर आमटी सांडायची, डाग पिवळा. साबण लावला की लालभडक! आई ओरडायची, आजी शांतपणे म्हणायची, "उन्हात टाक, जाईल." आणि संध्याकाळपर्यंत डाग फिका व्हायचा. साबणातल्या क्षाराने लाल होणारं आणि उन्हाने उडून जाणारं ते द्रव्य म्हणजे कुर्कुमिन. युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी ते 1815 मध्ये वेगळं काढलं, त्याची रचना 1910 मध्ये उलगडली. हळदीला चुना लावून कुंकू करणाऱ्यांना त्यातला लाल रंग त्याच्याही कितीतरी आधीपासून ठाऊक होता.

पडसं झालं की हळद घातलेलं दूध, त्यात मिऱ्याची पूड आणि वर तुपाचे दोन थेंब. नाक दाबून प्यायचं. मिरी कशाला? तसंच असतं. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवलं की कुर्कुमिन नुसतं घेतलं तर रक्तात जेमतेम पोचतं; सोबत मिऱ्यातलं पायपरीन असेल तर 20 पट पोचतं. त्याच दशकात हळदीने जखम भरते या शोधाचं पेटंट 1995 मध्ये अमेरिकेत देऊन झालं होतं! देशातल्या विज्ञान संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे, तेव्हाचे प्रमुख डॉ. रघुनाथ माशेलकर, मूळ गोव्याच्या माशेलचे, यांनी त्याविरुद्ध लढा दिला. जुने ग्रंथ आणि छापील लेख मिळून 32 पुरावे पाठवले आणि 1997 मध्ये पेटंट रद्द झालं. बातमी आली त्या दिवशी गल्लीतल्या म्हाताऱ्यांना प्रश्न पडला तो वेगळाच: गुडघा फुटल्यावर हळद दाबायला परवानगी कुणाची घ्यायची असते?

मे महिन्यात घाटाखाली उतरलो की रंग बदलायचा. तिथे सगळं रातांब्याचं राज्य. फळं फोडायची, बिया वेगळ्या, सालं वेगळी. सालं रसात बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. मग कुठे ती काळीभोर आमसुलं होतात. मीठ घातलेलं आगळ बाटल्यांत, आणि बियांचं घट्ट तेल, मुठीने वळलेलं, मामीच्या टाचांच्या भेगांना. त्याला मुठेल म्हणायचे. आमचे हात आठवडाभर लाल. साबणाने धुतले की तो लाल रंग निळसर, मळकट व्हायचा आणि लिंबाची फोड चोळली की पुन्हा लाल. आंबटात लाल आणि क्षारात निळे होणारे हे रंग अँथोसायनिन जातीचे. जांभळाने जीभ रंगते ती यांच्याच कृपेने. आमसुलाच्या सालीत गार्सिनॉल नावाचं आणखी एक द्रव्य आहे, त्यावरही बरंच संशोधन झालं आहे. मामीला गार्सिनॉल माहीत नव्हतं. जड जेवणानंतर सोलकढी नाही दिली तर पाहुणा रात्रभर कूस बदलतो, एवढं माहीत होतं.

आणि जेवणाच्या पानाची डावी बाजू! लिंबू, मीठ, चटणी, कोशिंबीर, लोणचं. एखाद्या दिवशी मोरावळ्याची फोड. भाजी एखादे दिवशी नसेल, डावी बाजू कधी रिकामी नसायची. तिथलं सगळं चिमूटभर, बोटभर, फोडभर. आंबट तिथे, तुरट तिथे, कडू तिथे. कारल्याची काचरी "एक तरी खा" म्हणून वाढली जायची आणि पान उचलेपर्यंत कुणीतरी पाहत असायचं. मोरावळ्यातलं थोडं जीवनसत्त्व शिजताना जाणारच, पण आवळ्यातलं टॅनिन, म्हणजे त्याचा तुरटपणा, क जीवनसत्त्वाची राखण करतो असा अभ्यास मद्रासच्या संशोधकांनी 1936 मध्येच प्रसिद्ध केला होता. 

झाडं ही द्रव्यं आपल्यासाठी करत नाहीत, हेही आम्हाला पुढेच कळलं. कडक ऊन, कीड, बुरशी, कुरतडणारी जनावरं यांच्यापासून स्वतःला वाचवायला झाड कडू होतं, तुरट होतं, उग्र वास धरतं. म्हणूनच स्वयंपाकघरात त्याच्याशी करार करावा लागे. केळफूल चिरलं की ताकाच्या पाण्यात, नाहीतर काळं पडतं आणि बोटांना राप बसतो. वांग्याच्या फोडी लगेच पाण्यात. वाल भिजवा, मोड आणा, सोला. अळूला चिंच नाहीतर आमसूल. ठाण्या-रायगडाकडून आलेल्या काकू सांगायच्या की शेवळं काकडांशिवाय शिजवायची नाहीत, घसा खाजतो. गोकुळाष्टमीला आजोळी शेवग्याच्या पाल्याची भाजी, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ. आता तोच पाला मोरिंगा नाव लावून, हिरव्या डबीत बसून, पाल्याच्या शंभर जुड्यांच्या भावात घरी येतो. पाहुणा परदेशी जाऊन आला की मान वाढतोच.

या सगळ्यात "का" विचारणारी बाई नव्हती असं मात्र नाही. आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या फळीवर दोन पुस्तकं शेजारी शेजारी असायची: दुर्गा भागवतांचं 'खमंग' आणि कमला सोहोनींचं 'आहारगाथा'. दोघी सख्ख्या बहिणी. 1911 मध्ये जन्मलेल्या कमलाबाईंनी मुंबईत पदवी घेतली आणि 1933 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. बाई म्हणून संस्थेचे तेव्हाचे संचालक सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. म्हणजे त्यांनाही उत्तर मिळालं ते "तसंच असतं"चंच. त्या हटल्या नाहीत. एक वर्ष पारखून पाहू, या अटीवर प्रवेश मिळवला आणि दूध नि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं. मग केंब्रिजला जाऊन, वनस्पतींच्या पेशींत ऑक्सिजन वापरून जी मंद धग चालू असते तीत सायटोक्रोम-सीचा वाटा असतो, हे बटाट्यापासून सुरुवात करून दाखवलं. 1939 मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली, विज्ञानात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. ज्या ऑक्सिजनपासून आजी तूप जपत होती, त्याच ऑक्सिजनवर झाड आणि माणूस जगतात कसे, याचा माग ही दुसरी बाई काढत होती.

परत आल्यावर त्यांनी हात घातला तो गरिबाच्या अन्नाला. डाळी, कडधान्यं, ताडामाडाची नीरा. नीरेत आणि तिच्यापासून केलेल्या गुळात जीवनसत्त्वं आणि लोह किती, ते त्यांनी मोजलं. पुढे मुंबईत ग्राहक चळवळीत उतरून भेसळीविरुद्ध लिहिलं, 1982-83 मध्ये त्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या अध्यक्षा होत्या. म्हणजे आजीचा हळदीवरचा संशय इथे प्रयोगशाळेत पोचला.

आता आजीचं सगळंच बरोबर होतं असं म्हणणं हा नुसता लाडिकपणा झाला. उसळ लवकर शिजावी म्हणून ती चिमूटभर सोडा टाकायची, त्यात जीवनसत्त्वांचं नुकसान. तळणीचं उरलेलं तेल गाळून पुन्हा, परत गाळून पुन्हा वापरायची. काटकसर थोर, पण ते तेल तोवर कुठल्याही पानाने सावरण्यापलीकडे गेलेलं असायचं. दाराच्या बिजागरीला ते घातलं जायचं तेच योग्य होतं.

आणि आमचं तरी काय बरोबर आहे? आम्ही त्या पानाफुलांतली द्रव्यं गोळ्यांत भरली आणि जितकं जास्त तितकं चांगलं असं धरून चाललो. फिनलंडमध्ये 29,000 हून अधिक सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर बीटा-कॅरोटीनच्या गोळीचा मोठा प्रयोग झाला. 1994 मध्ये निष्कर्ष आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी नव्हे, 18 टक्क्यांनी जास्त निघाला. कुठल्या फळात अँटीऑक्सिडंटचे किती गुण, याची अमेरिकेच्या कृषी खात्याने ठेवलेली यादी त्यांनीच 2012 मध्ये काढून घेतली, कारण परीक्षानळीतला गुण पोटात तसाच लागू पडत नाही आणि दुकानदार मात्र ते आकडे डबीवर छापत होते. गाजराची कोशिंबीर खाऊन कुणाचं असं वाईट झाल्याचं ऐकिवात नाही. डाव्या बाजूचा चिमूटभरपणा हा कंजूषपणा नव्हता, ते प्रमाण होतं.

आमच्या पिढीने आजीची बरणी पाहिली आणि कमलाबाईंचं पुस्तकही पाहिलं. एकीने जपलं, दुसरीने विचारलं. पुढच्यांना नुसती बरणी दिली तर ती शोभेची होईल, नुसतं पुस्तक दिलं तर डबी विकणाऱ्याचं फावेल. तेव्हा घरात अजून कुणी तुपात पान टाकणारं, केळफूल ताकात घालणारं, आमसुलांना उन्हं दाखवणारं असेल, तर एकदा त्यांच्याजवळ बसा, हात बघून घ्या, प्रमाण लिहून घ्या. "तसंच असतं" असं उत्तर आलं तर तिथे थांबू नका, कारण शोधा. बहुतेक वेळा सापडतं. जिथे सापडत नाही तिथे खुशाल सोडून द्या. आणि बाजरी गिरणीत टाकाल तेव्हा आठवड्यापुरतीच टाका.